कंस टाका, बिट शाबूत आहेत

एकाने विचारलंय की सी या प्रोग्रॅमिंग भाषेत ‘प & ४ == ४’ लिहून फाइल वाचायची परवानगी तपासली (प हा परवानग्यांचा आकडा: वाचणं ४, लिहिणं २, चालवणं १, यांची बेरीज), तर प ५ असताना उत्तर बरोबर येतं आणि ६ असताना चुकतं, असं का? कंपायलर (कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) निर्दोष आहे. सीमध्ये == (‘समान आहे का’) चा मान & (दोन्ही आकड्यांत १ असलेले बिट, म्हणजे बायनरी अंक, तेवढेच ठेवणारं चिन्ह) पेक्षा वरचा. आधी ४ == ४ होतं, ते खरं म्हणून त्याचा १ येतो, आणि प्रत्यक्षात तपासलं जातं ‘प & १’. ५ म्हणजे बायनरीत १०१, शेवटचा बिट १, म्हणून नशिबाने जमलं. ६ म्हणजे ११०, तिथे पितळ उघडं पडलं. ‘(प & ४) == ४’ लिहा.

हा घोळ जुना आहे. सुरुवातीला && (अटी जोडणारं ‘आणि’चं चिन्ह) नव्हतंच, अटींमध्येही & च चालायचं. पुढे && आलं, पण जुना कोड मोडू नये म्हणून & ची क्रमातली जागा हलवली नाही. हलवली असती तर बरं झालं असतं, असं सीचे निर्माते डेनिस रिची यांनीच नंतर लिहिलंय. पायथन या भाषेत क्रम उलटा, त्यामुळे तिकडून आलेले हमखास फसतात. (माझी अख्खी दुपार गेली होती.)

आणि लिहिण्याची परवानगी काढायला ‘प - २’ नको, ‘प &= ~२’ करा (~ सगळे बिट उलटे करतं, म्हणून फक्त २ चा बिट जातो). बिट आधीच नसेल तर वजाबाकीने ५ चे ३ होतात, म्हणजे वाचणं गेलं आणि लिहिणं उलट मिळालं!