नवी, जुनी की लीजवर? गाडी घेतानाचे तुमचे अनुभव लिहा

जाहिरातीत गाडीची किंमत असते, नाहीतर महिन्याचा हप्ता. गाडी आपल्याकडे असेपर्यंत एकूण किती पैसे जाणार आणि विकताना त्यातले किती परत येणार, हा आकडा कुठेच छापलेला नसतो. तो ज्याचा त्याने काढायचा. म्हणून ज्यांनी गाडी विकत किंवा लीजवर (म्हणजे महिन्याचा हप्ता भरून ठरावीक मुदतीपुरती वापरायला) घेतली, वापरली आणि सोडलीही, त्यांच्याकडून ऐकायचं आहे. लिहिताना दोन गोष्टी जरूर सांगा: गाडी किती वर्षं ठेवायचा बेत होता आणि रोजचं चालवणं किती होतं. या दोन गोष्टींशिवाय कुणाचाच सल्ला दुसऱ्याच्या कामाचा नाही, असं माझं ठाम मत आहे. कंपन्यांची आणि विक्रेत्यांची नावं नकोत.

सुरुवात मी करते. मी नवी घेतली आणि अजून तीच चालवते. नव्या गाडीची किंमत १०० धरली, तर वर्षभरात ती साधारण ८० ते ८५ वर येते, तीन वर्षांनी ६० च्या आसपास आणि पाच वर्षांनी ५० च्याही खाली. मॉडेलप्रमाणे हे बदलतं, पण सुरुवातीची घसरण सगळ्यात मोठी असते हे बहुतेक गाड्यांना लागू आहे. नवी घेऊन तिसऱ्या वर्षी विकणारा माणूस नेमका हाच सर्वात महागडा काळ स्वतःच्या पैशाने भरतो. तीच गाडी दहा-बारा वर्षं ठेवली की तो घसारा इतक्या वर्षांत वाटला जातो. शिवाय पहिल्या दिवसापासूनचं प्रत्येक ऑइल, प्रत्येक पॅड मला माहीत आहे. मला नवी परवडली ती एवढ्याचसाठी, की मी ती सोडणार नव्हते.

पानाहातोडी

गाड्या दुरुस्त करणं हाच माझा व्यवसाय, आणि घरची प्रत्येक गाडी जुनीच घेतली. जुनी गाडी वाईट नसते, न तपासलेली गाडी वाईट असते. काय बघायचं ते सविस्तर लिहितो, कारण लोक रंग बघतात आणि गाणी वाजवून बघतात.

गाडी बघायला जाल तेव्हा विकणाऱ्याला आधीच सांगा, की इंजिन गार हवं. पोचल्यावर पहिलं काम म्हणजे बॉनेटवर हात ठेवणं. गरम लागलं तर तुम्ही यायच्या आधी ती चालू करून ठेवली होती. गार इंजिनच खरं बोलतं. सेल्फ लांबतो का, पहिल्या काही सेकंदांत इंजिनातल्या साखळीचा खडखडाट येतो का, धूर कसला येतो, हे सगळं तेव्हाच कळतं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे इंधन जास्त जातंय. थंड हवेत पांढरी वाफ साहजिक आहे, पण इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर राहिला आणि त्याला गोडसर वास असला, तर कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, आत शिरतंय. ती गाडी सोडून द्या.

टायरच्या बाजूवर चार आकडी कोड असतो. २३१९ लिहिलं असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. मीटरवर किलोमीटर अगदी कमी आणि चारही टायर गाडीपेक्षा बरेच नवे, असं दिसलं तर कारण विचारा. क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर, स्टिअरिंगचं कव्हर, ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड यांची झीज मीटरशी जुळते का बघा. मीटर मागे फिरवता येतो, पण या सगळ्या वस्तू बदलायची तसदी फार थोडे घेतात.

सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. पुरात गेलेल्या गाडीचं कार्पेट धुतलं जातं, पण पट्ट्याच्या आतल्या टोकाला गाळाची रेघ राहते. सीटच्या रुळांचे नटबोल्ट गंजलेत का तेही बघा. चॅसिसवरचा १७ अक्षरी ओळख क्रमांक कागदावरच्या क्रमांकाशी तंतोतंत जुळला पाहिजे. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात, कारण १ आणि ० शी घोटाळा होतो.

अजून एक, फारसं कुणी सांगत नाही ते. गाडीच्या संगणकाला स्कॅनर लावून नुसते बिघाडाचे कोड बघू नका. विकण्याआधी कोणी कोड पुसले असतील, तर गाडीच्या स्वतःच्या अंतर्गत चाचण्यांची नोंदही त्यासोबत पुसली जाते, आणि त्या पुन्हा पुऱ्या व्हायला काही दिवसांचं चालवणं लागतं. कोड शून्य, पण बऱ्याच चाचण्या ‘अपूर्ण’ दिसल्या, तर कालपरवा कोणीतरी पाटी कोरी केली आहे. बॅटरी बदलली तरी असं होऊ शकतं, म्हणून आधी तेवढं विचारा आणि आठवड्याने पुन्हा बघायला जा.

टायमिंग पट्ट्याची पावती मागा. हा रबरी दातांचा पट्टा तुटला, तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि दुरुस्तीचा खर्च गाडीच्या उरलेल्या किमतीशी स्पर्धा करतो. पावती नसेल तर तो बदललेला नाही असं धरूनच भाव करा.

जमाखर्च

लीजबद्दल लोक दोन टोकांचं बोलतात, म्हणून हिशेबच मांडतो. हप्त्याचे दोन भाग असतात. एक, गाडीची आजची किंमत वजा करार संपताना धरलेली किंमत, भागिले महिने. दोन, अडकलेल्या पैशावरचं व्याज.

गाडी १००, तीन वर्षांनी धरलेली किंमत ५५. फरक ४५, ३६ महिन्यांत वाटला की महिन्याला १.२५. व्याजासाठी बऱ्याच करारांत टक्का न देता एक छोटा दशांश दिलेला असतो, उदाहरणार्थ ०.००२५. तो १०० अधिक ५५ ला, म्हणजे १५५ ला गुणायचा: जवळजवळ ०.३९. एकूण हप्ता १.६४ च्या आसपास. त्या दशांशाला २४०० ने गुणलं की वार्षिक टक्केवारी मिळते, इथे ६. सरासरी अडकलेली रक्कम काढायला २ ने भागायला हवं होतं ते भागलेलं नसतं, वर्षाचे महिने १२ आणि टक्क्याचे १००, तिन्हींचा गुणाकार २४००. हे माहीत नसलं की ०.००२५ आणि ०.००३५ मध्ये काहीच फरक वाटत नाही. प्रत्यक्षात तो ६ टक्के आणि ८.४ टक्के यांच्यातला फरक आहे.

तीन वर्षांत साधारण ५९ गेले आणि हातात गाडी नाही. त्याच दराने लगेच दुसरं लीज घेतलं तर सहा वर्षांत ११८. विकत घेतली असती तर १०० आणि कर्जाचं व्याज गेलं असतं, टायर-बॅटरी-दुरुस्ती स्वतःची, पण सहाव्या वर्षी विकण्यासारखी वस्तू हातात असती. ज्याला दर तीन वर्षांनी गाडी बदलायचीच आहे, त्याने मात्र तुलना वेगळी करायची: नवी घेऊन तिसऱ्या वर्षी विकणं विरुद्ध लीज. तिथे आकडे बरेच जवळ येतात, आणि विक्रीची कटकट वाचते हा लीजचा खरा फायदा ठरतो. माझ्या मते लीज ही ‘स्वस्त’ सोय नाही, ती ठरावीक मुदतीची सोय आहे. तेवढ्याच नजरेने तिच्याकडे बघावं.

वाटसरू

जमाखर्च, तुमची मांडणी पटली. मी लीजवरच होतो आणि समाधानी होतो, कारण बदलीची नोकरी आणि मुदत आधीच माहीत होती. पण करारातल्या तीन कलमांवर आमच्या ओळखीतले बरेच जण अडकलेले पाहिले. किलोमीटरची मर्यादा ओलांडली की प्रत्येक जादा किलोमीटरला दंड. मुदतीआधी गाडी परत केली तर उरलेल्या हप्त्यांचा मोठा भाग भरावा लागतो. आणि परत देताना रिमवरचे ओरखडे, टायरची उरलेली खोली, काचेवरचा तडा, सगळं मोजलं जातं. मी परतीच्या आधी त्रयस्थ माणसाकडून तपासणी करून घेतली आणि बारीकसारीक कामं बाहेर स्वतः करून टाकली.

विम्याचं तर आवर्जून सांगतो. गाडी पूर्ण निकामी झाली तर विमा त्या दिवसाच्या बाजारभावाइतके पैसे देतो. करारातली बाकी त्याहून जास्त असली तर वरची रक्कम तुमच्या गळ्यात. ती तफावत भरून काढणारा वेगळा विमा असतो, आणि काही करारांत तो आधीच धरलेला असतो. सही करण्याआधी विचारा.

पारिजातक

बाबांना पक्षाघात झाल्यावर उजव्या पायाने चालवणं बंद झालं. हाताने ब्रेक-अ‍ॅक्सिलरेटर चालवायची जोडणी बसवायची होती, लीजवाल्यांनी परवानगी दिली नाही. गाडी त्यांची, त्यात फेरफार नको, हे त्यांच्या बाजूने बरोबरच. नव्या गाडीत बसवायची तर वॉरंटीचा प्रश्न. शेवटी चार वर्षांची ऑटोमॅटिक घेतली, उंच सीटची, दार रुंद उघडणारी. बाबा स्वतः चालवत बाहेर पडायला लागले. आमच्यासाठी ‘फायदा’ हा शब्द त्या एका गोष्टीतच संपतो. ज्यांच्या घरी अशी गरज आहे त्यांनी मालकी आपली ठेवा.

सांजवेळ

लहान मुलं घरात असतील तर जुनी घेताना वर्षापेक्षा उपकरणं बघा. गाडी घसरायला लागली की एकेक चाकाला आपोआप ब्रेक लावून तिला सरळ ठेवणारी यंत्रणा, ईएससी, अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून आणि युरोपीय संघात नव्या गाड्यांना नोव्हेंबर २०१४ पासून सक्तीची झाली. त्याआधीच्या आणि इतर ठिकाणच्या गाड्यांत ती वरच्या मॉडेलातच असू शकते. मुलांच्या सीटसाठी आयसोफिक्सचे हूक मागच्या सीटच्या फटीत हात घालून स्वतः चाचपा. माहितीपत्रकावर विसंबू नका. आम्ही याच दोन गोष्टींसाठी एक वर्ष आणखी जुनी, पण त्याच मॉडेलची वरची श्रेणी घेतली.

गारवा

इलेक्ट्रिक गाडीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. इथे लीजकडे माझा कल आहे. तंत्रज्ञान झपाट्याने बदलतंय, त्यामुळे पुढे काय भाव येईल ते आज सांगणं अवघड, आणि तो धोका लीज देणाऱ्याने घेतलेला बरा. जुनी घ्यायची असेल तर बॅटरीची उरलेली क्षमता टक्क्यांत मागा, पडद्यावरच्या अंदाजे किलोमीटरवर जाऊ नका. बॅटरीची वॉरंटी बहुधा ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर असते, आणि क्षमता ७० टक्क्यांखाली गेली तर दुरुस्ती किंवा बदली मिळते. ती दुसऱ्या मालकाकडे जाते की नाही, हे लेखी घ्या. सतत उष्णतेत उभी राहिलेली आणि नेहमी पूर्ण चार्ज करून ठेवलेली गाडी लवकर थकते, म्हणून आधीचा मालक ती कुठे उभी करायचा हेही मी विचारलं.

पडछाया

लीजवरून परत आलेली तीन वर्षांची गाडी, हा आमचा पर्याय. करारात वेळेवर सर्व्हिसिंगची अट असते, त्यामुळे नोंदी पूर्ण होत्या. घसाऱ्याचा पहिला उतार दुसऱ्याने भरलेला. जुन्या गाड्यांच्या बाजारात विकणाऱ्याला दोष ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही, म्हणून चांगल्या गाडीलाही पुरता भाव मिळत नाही, हे अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्येच मांडलं होतं. त्यांना २००१ मध्ये नोबेल मिळालं ते माहितीतल्या अशा तफावतीवरच्या कामाबद्दल. पूर्ण नोंदी असलेली गाडी ही तफावत कमी करते. म्हणून फाइल जाड असेल तर थोडे जास्त पैसे द्यायलाही आमची हरकत नव्हती.

उंबरठा

पडछाया, ती गाडी तुमच्या आधी लीज घेणाऱ्यालाही विकत घेता आली असती, आणि हा मुद्दा राहून जातोय. करार संपताना ठरलेल्या किमतीला गाडी ठेवून घ्यायची मुभा अनेक करारांत असते. ती किंमत तीन वर्षांपूर्वी गोठवलेली असते. चिपच्या टंचाईमुळे २०२१-२२ मध्ये जुन्या गाड्यांचे भाव चढले, तेव्हा माझ्या करारातली किंमत बाजारभावापेक्षा बरीच खाली होती. मी गाडी परत न देता विकत घेतली. अजून चालवतोय. ज्यांचा करार संपत आलाय त्यांनी आजच तो काढून शेवटच्या पानावरची खरेदीची रक्कम आणि वरची फी बघावी, त्याच मॉडेलचे, तेवढ्याच किलोमीटरचे बाजारभाव शोधावेत आणि मगच किल्ली परत करायची की नाही ते ठरवावं.