एकाच पायाला सूज, रिपोर्ट मात्र सगळे नॉर्मल

प्रश्न:
माझे वय 24 असून मी भांडुपला राहते आणि नोकरीसाठी रोज अंधेरीला जाते. गेल्या आठ महिन्यांपासून माझ्या डाव्या पायाला घोट्यापासून पोटरीपर्यंत सूज येते. सुरुवातीला पाय उशीवर ठेवून झोपले की ती सकाळपर्यंत उतरत असे. आता सकाळीसुद्धा डावे पैंजण रुतते. पाय दुखत नाही, लालही होत नाही. रक्त, लघवी, थायरॉइड, किडनी, टूडी एको, सारे नॉर्मल आले. एका डॉक्टरांनी लोकलमधल्या उभ्याच्या प्रवासावर खापर फोडले (मी दोन्ही पायांवर उभी राहते, हे त्यांना सांगायचे राहिले), तर दुसऱ्यांनी लघवी जास्त होण्याच्या गोळ्या दिल्या, ज्यांनी खेपा वाढल्या, सूज तशीच राहिली. आता नेमके कोणाकडे जावे?

उत्तर:
ताई, आपल्या बहुतेक तपासण्या दोन्ही पायांना सूज आणणाऱ्या कारणांच्या आहेत. किडनी किंवा हृदय बिघडले, तर सूज सहसा एकच पाय निवडत नाही. एका पायाचा प्रश्न आधी शिरांचा, म्हणून व्हॅस्क्युलर सर्जनना, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांना दाखवून डॉप्लर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करून घ्यावा. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील, तर ते न विचारताही सांगावे, कारण त्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. डाव्या पायाची मोठी शीर ओटीपोटात उजव्या पायाकडे जाणाऱ्या धमनीखालून जाते आणि काहींच्यात तिथे दबते. याला मे-थर्नर सिंड्रोम म्हणतात. फक्त पायाच्या डॉप्लरमध्ये ती जागा निसटू शकते, म्हणून पोटातल्या शिरांबद्दल मुद्दाम विचारावे. सूज एकाएकी वाढली, पोटरी दुखून गरम लागली किंवा धाप लागली, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच रात्री कॅज्युअल्टी गाठावी.

उत्तर:
मी फिजिओथेरपिस्ट आहे. शिरा ठीक निघाल्या, तर लसिकावाहिन्यांकडे, म्हणजे ऊतींमधले जादा पाणी (लिम्फ) परत वाहून नेणाऱ्या नळ्यांकडे वळावे. त्यांतला जन्मजात दोष पुष्कळदा वयात आल्यानंतर, पस्तिशीच्या आतच दिसू लागतो, त्यामुळे ‘या वयात काय व्हायचे आहे’ हे उत्तर इथे चालत नाही. पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी कातडीची चिमूट घेऊन पाहा. ती उचलली गेली नाही, तर लिम्फची शंका बळावते, मात्र उचलली गेली म्हणून शंका फिटत नाही. पक्के निदान करायला न्यूक्लिअर मेडिसिन विभागात लिम्फोसिंटिग्राफी, म्हणजे लिम्फचा प्रवाह दाखवणारा स्कॅन होतो. हत्तीरोगही लसिकावाहिन्याच बिघडवतो आणि तो विदर्भात आढळतो, म्हणून गाव तिकडचे असेल, तर त्यासाठी रक्त तपासावे. ते रात्री, साधारण 10 ते 2 च्या दरम्यान घेतात, कारण जंतू त्या वेळी रक्तात उतरतात. लिम्फच्या सुजेवर लघवीच्या गोळ्यांचा उपयोग होत नाही. दाबाचे मोजे दुकानातून अंदाजाने आणू नयेत. निदानानंतर मापाने घ्यावेत. तोवर पावसाळ्यात बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवाव्यात, कारण चिखल्या झाल्या की त्या भेगांतूनच जंतुसंसर्ग आत शिरतो.

प्रश्नकर्ती:
दोघांचेही आभार. आत्ताच चिमूट घेऊन पाहिली. उजव्या पायाची कातडी सहज उचलली जाते, डाव्या पायाची बोटांतून निसटते. आजोळ चंद्रपूरचे आहे आणि शाळेच्या सगळ्या सुट्ट्या तिथेच गेल्या, हे मला आजवर एकाही डॉक्टरांनी विचारले नव्हते. शनिवारी डॉप्लरची वेळ घेतली आहे. आईच्या शिवणाच्या टेपने दोन्ही पोटऱ्यांचे माप सकाळ-संध्याकाळ लिहून ठेवायला आजपासूनच सुरुवात केली.