मदत हवी आहे: कमी कर्बोदकांच्या आहारावरील विश्वासार्ह पुस्तके

नमस्कार. गेले तीन महिने मी कमी कर्बोदकांच्या आहाराविषयी पुस्तकांतून वाचत आहे आणि वाचावे तितका गोंधळ वाढतच चालला आहे. एक लेखक दिवसाला २० ते ५० ग्रॅम कर्बोदकांची मर्यादा घालतो, तर दुसरा १३० ग्रॅमपर्यंतच्या आहारालाही ‘लो-कार्ब’ म्हणतो. सुरुवातीला झपाट्याने उतरणारे वजन बरेचसे पाण्याचे असते, कारण यकृतात व स्नायूंत साठलेले ग्लायकोजेन (म्हणजे ग्लुकोजचा साठा) संपताना त्याच्याशी बांधलेले पाणीही शरीराबाहेर जाते, हे मला एकाच पुस्तकात स्पष्ट लिहिलेले आढळले. बाकीच्यांनी उतरलेल्या वजनाचा आकडा यशोगाथेसारखा मिरवला आहे. (मुखपृष्ठावर सडपातळ कंबर दिसली की मी आता पुस्तक परत ठेवतो.)

पाककृतींचे संग्रह मला नको आहेत. शरीरातील प्रक्रिया समजावणारी, मूळ संशोधनाचे दाखले देणारी आणि इन्शुलिन किंवा मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय असा आहार का सुरू करू नये, हेही सांगणारी पुस्तके आपल्या वाचनात असल्यास कृपया सुचवावीत. त्यांत झोप आणि व्यायामाचाही विचार असेल तर उत्तमच. मराठी पुस्तकाला प्राधान्य देईन. चांगला अनुवादही चालेल.