१९७१चा ब्लॅकआऊट, बाळंतपणं आणि तान्ही मुलं : तुमच्या आठवणी लिहा

रेफ्युजी रिलीफचं (पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या मदतीसाठीचं) पाच पैशांचं तिकीट लावलेलं आत्याचं पत्र सापडलं. १२ डिसेंबर १९७१, मुंबई. 'पिंकीला डांग्या खोकला झालाय, पण अंधारात दवाखान्यात न्यायची कशी?' भारत-पाक युद्धाच्या त्या दिवसांत, ३ ते १६ डिसेंबर, दवाखाने, प्रसूतिगृहं, दूध, बालवाड्या कशा चालल्या? विमानं-रणगाडे नकोत. ऐकीव असेल तर तसं सांगा.

गिरगावकर
धाकटा भाऊ ७ तारखेच्या रात्रीचा. आईला कळा सुरू झाल्या आणि एकही टॅक्सीवाला येईना. दिव्यांना अर्धा काळा रंग, त्यात हवाई हल्ल्याच्या इशाऱ्याचा भोंगा होऊन गेलेला. शेवटी शेजारच्या काकू आणि चाळीतला वॉर्डन मुलगा तिला धरून म्युनिसिपालिटीच्या प्रसूतिगृहात घेऊन गेले. चालत! बॅटरीला निळा जिलेटिन कागद. आत खिडक्यांना काळे कागद, डिसेंबरातही घुसमट. दिव्याला पुठ्ठ्याची टोपी, उजेड फक्त टेबलापुरता. ऐन वेळी पुन्हा भोंगा. सिस्टर म्हणाल्या, "त्याला ओरडू दे, तू जोर लाव." आई हे अजून त्यांच्याच आवाजात सांगते.

दूधवाली गल्ली
पहाटे आरे केंद्राच्या रांगेत मी. केंद्रावरच्या बाईंना प्रत्येक घर पाठ. "तान्हं आहे ना घरी? ये पुढं." दोन काचेच्या बाटल्या अंधारात फोडल्या आणि मार खाल्ला. माझी युद्धातली कामगिरी एवढीच.

निवृत्त डॉक्टर
थोडं विषयांतर. त्या वर्षी मुलं वाचवण्याचं खरं काम पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावण्यांत झालं. पटकीची साथ, सलाइन संपत आलेलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरभर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ, २.५ ग्रॅम खायचा सोडा असं द्रावण पिंपांत भरून ठेवलं आणि पाजायचं काम नातेवाइकांवर सोपवलं. ३० टक्क्यांच्या घरातले मृत्यू ४ टक्क्यांच्या खाली आले. पुढे आरोग्य केंद्रात मी तेच द्यायचो, तर बायका रुसायच्या : "सुई नाही? नुसतं पाणीच?"

बाकाखालची
आमची बालवाडी चालू होती. बाई तोंडानं भोंगा काढायच्या, आम्ही बाकाखाली, कानात बोटं, दातांत रुमाल. युद्ध संपल्यावरही तोच खेळ मागायचो. बाई वैतागल्या.

धागाकर्ता
पिंकीताईला फोन केला. तिला काहीच आठवत नाही. म्हणाली, "खोकला मात्र अजून आहे."