फॉरेन कीमुळे होणारा डेडलॉक कसा टाळावा?

गुलटेकडीकर:
मार्केट यार्डातील एका आडत्याची पावत्यांची प्रणाली आम्ही मायएसक्यूएल ८.० वर चालवतो. ‘पावती’ या टेबलाची फॉरेन की, म्हणजे दुसऱ्या टेबलातील ओळीशी जोडणारा दुवा, ‘खाते’ या टेबलाकडे जाते. प्रत्येक ट्रान्झॅक्शनमध्ये (एकत्रच पूर्ण किंवा रद्द होणाऱ्या आज्ञांच्या गटात) आधी पावती इन्सर्ट होते आणि नंतर त्या शेतकऱ्याच्या खात्यातील शिल्लक अपडेट होते. सकाळच्या गर्दीत दोन काउंटरांवरून एकाच खात्याच्या पावत्या फाडल्या जाऊ लागल्या, की १२१३ क्रमांकाची एरर, म्हणजे डेडलॉक (दोन ट्रान्झॅक्शन एकमेकांसाठी अडून बसणे), येते. पावत्या वेगळ्या असताना अडवाअडवी कशासाठी? फॉरेन कीच काढून टाकावी, असे एका सहकाऱ्याचे म्हणणे आहे.

कोथरूडकर:
भांडण पावतीवरून नाही, खात्याच्या ओळीवरून आहे. पावती इन्सर्ट होताना इनोडीबी (मायएसक्यूएलचे डेटा साठवणारे इंजिन) ते खाते अस्तित्वात असल्याची खात्री करून घेते आणि ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत ते कुणी काढून टाकू नये, म्हणून त्या ओळीवर शेअर्ड लॉक ठेवते. असा लॉक दोघांनाही एकाच वेळी मिळतो. पण शिल्लक बदलण्यासाठी लागणारा एक्स्क्लुझिव्ह लॉक समोरच्याने आपला शेअर्ड लॉक सोडल्याखेरीज मिळत नाही, आणि सोडायला दोघेही तयार नसतात. ‘शो इंजिन इनोडीबी स्टेटस’च्या आउटपुटमध्ये शेवटच्या डेडलॉकची नोंद असते, तेथे हेच दिसेल.

तेव्हा क्रम उलटा करा. आधी खाते अपडेट करा, किंवा ‘सिलेक्ट... फॉर अपडेट’ने त्याची ओळ धरा, आणि मगच पावती घाला. दुसरे ट्रान्झॅक्शन मग पहिल्याच पायरीवर थांबेल, आणि नुसते थांबणे म्हणजे डेडलॉक नव्हे. एका ट्रान्झॅक्शनमध्ये अनेक खाती येत असतील, तर ती नेहमी खातेक्रमांकाच्या चढत्या क्रमानेच धरावीत. फॉरेन की काढल्यास हा डेडलॉक जाईल हे खरे, पण वर्षअखेरीस बेवारस पावत्या शोधत बसावे लागेल.

औंधवासी:
पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये २०१३ च्या ९.३ आवृत्तीपासून फॉरेन कीच्या तपासणीसाठी सौम्य लॉक वापरला जातो, त्यामुळे शिल्लकेसारखा की नसलेला कॉलम बदलताना हा पेच पडत नाही. मात्र फॉरेन कीच्या कॉलमवर इंडेक्स तेथे आपला आपण करावा लागतो. मायएसक्यूएल तो स्वतःच करते.

आणखी एक. १२१३ आल्यावर संपूर्ण ट्रान्झॅक्शन रोलबॅक होते, म्हणजे त्यातले सगळे बदल रद्द होतात, म्हणून ते पहिल्यापासून पुन्हा चालवावे. १२०५ (लॉकची वाट पाहण्याची मुदत संपल्याची एरर) आल्यास मूळ सेटिंगनुसार फक्त ती एक आज्ञा रद्द होते, त्यामुळे दोन्ही एररना एकाच मापाने मोजू नये.

गुलटेकडीकर:
क्रम बदलून पाहतो. पावतीची छपाई सध्या कमिटच्या (ट्रान्झॅक्शन पक्के करून संपवण्याच्या) आधी होते, ती तशीच ठेवली तर चालेल का?

कोथरूडकर:
मुळीच नाही. प्रिंटरमध्ये कागद अडकला, तर त्या खात्याचा लॉकही तेवढा वेळ अडकून राहील आणि शेजारचा काउंटर ५० सेकंद वाट पाहून १२०५ देईल. आधी कमिट करा, मग छापा.