अनुभव धागा: परदेशातली मोठी दत्तक कुटुंबं आणि मुंबईतला गोतावळा

एका घरात पाच-सहा मुलं. त्यातली दोन मुंबईतून दत्तक गेलेली, एक पुण्यातून, एखादं कोलंबियातून. अशी कुटुंबं सुट्टीत मुंबईत येतात आणि इथल्या दत्तक पालकांना विचारतात, आम्हाला भेटाल का? भेटायचं तर सगळ्यांनाच असतं, अडतं ते कसं भेटायचं इथे. म्हणून या कामातल्या मंडळींना लिहायला बोलावलं आहे. स्वतःची गोष्ट नको, मुलांची नावं नकोत, दुसऱ्याला उपयोगी पडेल ते लिहा.

दादर, पालक गटाच्या भेटी ठरवणारी

सगळ्यांना एकदम बोलावू नका. पाच मुलांचं कुटुंब म्हणजे सात माणसं. अशी तीन कुटुंबं आणि इथली चार घरं आली की पस्तीसेक डोकी होतात, आणि मग मुलं आपापल्या भावंडांनाच चिकटून बसतात. घरातच एवढी गर्दी असल्यामुळे बाहेरचं कोणी लागत नाही असं या घरांना वाटतं, पण त्यातलं प्रत्येक मूल आपल्या प्रश्नापुरतं एकटंच असतं. पाहुण्यांची दोन आणि इथली तीन कुटुंबं पुरे. सकाळी दहा ते बारा, दोन खोल्या. एकात मोठी माणसं, दुसरीत मुलं, मधलं दार उघडं.

पहिला अर्धा तास हाताला काम द्या. भेळ सगळ्यात बरी. कांदा-कोथिंबीर चिरायला मोठी मुलं, चुरमुरे कालवायला लहान. वीस माणसांना एक किलो चुरमुरे भरपूर होतात. तिखट चटणी वेगळ्या वाटीत ठेवा, नाहीतर पहिल्याच घासाला रडारड. "यातली तुमची स्वतःची कोणती?" हा प्रश्न कोणीही विचारायचा नाही, हे इथल्या आजी-आजोबांना आदल्या दिवशीच फोन करून सांगा. ऐनवेळी सांगितलं तर राग येतो.

माहीम, दत्तक समुपदेशक

वर लिहिलेल्यात भर. कुटुंबं निवडताना मुलांची संख्या पाहू नका, मुलांची गरज पाहा. २०२२ च्या दत्तक नियमावलीनुसार दोन किंवा अधिक मुलं असलेल्या जोडप्याला विशेष गरजा असलेली किंवा घर मिळायला वेळ लागतो अशीच मुलं मिळू शकतात. नात्यातलं आणि सावत्र मूल याला अपवाद. त्यामुळे अलीकडे भारतातून मूल नेलेल्या मोठ्या घरांत दुभंगलेला ओठ, हृदयातलं छिद्र, कमी ऐकू येणं, यातलं काहीतरी बहुधा असतं. पाच मुलांच्या आईला पाच मुलांची दुसरी आई भेटून जेवढा आधार वाटेल, त्याहून जास्त आधार तेच ऑपरेशन झालेल्या एकुलत्या मुलाच्या आईचा होतो. मोठ्या कुटुंबांची ओढ आपल्यासारख्याच मोठ्या कुटुंबांकडे असते, ते समजण्यासारखं आहे. पण सहा मुलांचे डबे कसे भरायचे हे कोणीही सांगेल.

परळ, वाचा-उपचार

दुभंगलेल्या टाळूबद्दल. मूल परदेशी जातं तेव्हा ओठ शिवलेला असतो, टाळूचं काम मात्र कधी उशिरा झालेलं असतं, तर कधी राहिलेलं असतं. टाळू उशिरा शिवली की प, ब, ट, ड हे वर्ण नाकातून जातात किंवा घशात अडकतात. नव्या शाळेत त्याला "भाषा नवी आहे, येईल हळूहळू" म्हणून सोडून देतात आणि एक-दोन वर्षं फुकट जातात. ओळखायचं कसं? मुलाला मराठीत "पापा", "बाबा", "टाटा" म्हणायला लावा. मातृभाषेतही आवाज नाकात जात असेल तर दोष भाषेचा नाही. कानही तपासा, या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचतं. हिरडीतली फट भरायला हाड बसवायचं ऑपरेशन साधारण आठ ते अकरा वर्षांच्या दरम्यान, सुळा उगवण्याआधी होतं, म्हणून सात वर्षांच्या मुलाच्या पालकांची गाठ बारा वर्षांच्या मुलाच्या पालकांशी घालून द्या.

शीव, बालरोगतज्ज्ञ

लहानपणी दिलेल्या बीसीजी लशीमुळे क्षयाची त्वचाचाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. परदेशातल्या डॉक्टरांना दंडावरचा लशीचा व्रण दाखवा आणि क्षयाचीच रक्तावरची आयग्रा चाचणी करता येईल का ते विचारा, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. परित्यक्त मुलाची जन्मतारीख बहुधा अंदाजाने लिहिलेली असते. मनगटाच्या एक्स-रेवरून ती लगेच बदलू नका, कुपोषणात हाडं मागे पडतात. पहिलं वर्षभर नीट खाऊ-पिऊ द्या, मग पाहा. मुलींची उंची दर तीन महिन्यांनी भिंतीवर नोंदवा. भारतातून परदेशी दत्तक गेलेल्या मुलींत पाळी लवकर येते असं स्वीडनमधल्या अभ्यासांत दिसलं आहे. आठव्या वर्षाच्या आत स्तनांची वाढ दिसली तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.

मुलुंड, रविवारचे मराठी कॉल

परदेशी गेलेलं चार-पाच वर्षांचं मूल काही महिन्यांत मराठी विसरतं. म्हणून हे कॉल: आठवड्याला पंधरा मिनिटं, मुंबईतली एकच आजी, तीच तीन बडबडगीतं. मुंबईत रात्रीचे आठ म्हणजे उन्हाळ्यात न्यूयॉर्कला सकाळचे साडेदहा आणि इटलीत दुपारचे साडेचार. हिवाळ्यात त्यांची घड्याळं तासभर मागे जातात, आणि नेमके तेव्हाच कॉल बंद पडतात. भावंडांना आळीपाळीने बसवा. कोलंबियाचं भावंड आलं तर त्यालाही "ये रे ये रे पावसा" म्हणू द्या, हाकलू नका.

अंधेरी, प्रवास आणि कागद

मुलांचे रद्द झालेले भारतीय पासपोर्ट जपून ठेवा, ओसीआयसाठी (परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळणारं कार्ड) लागतात. वीस वर्षांच्या आत ओसीआय घेतलं असेल तर वीस पूर्ण झाल्यावर नवा पासपोर्ट निघाला की ते एकदा नव्याने घ्यावं लागतं. मोठ्या घरात एकाचा कागद राहतो आणि सगळी वरात अडकते. काळ्या-पिवळ्या टॅक्सीत चारच जण मावतात, तेव्हा दोन गाड्या धरा. लोकल दाखवायची तर दुपारी, आणि रविवारी आधी मेगाब्लॉक पाहून.

चेंबूर, दत्तक संस्थेतली निवृत्त समाजसेविका

संस्थेला भेटायचं तर तीन महिने आधी लिहा. सगळ्या भावंडांना एकाच दिवशी एकाच खोलीत बसवून फायली उघडू नका, सगळ्यात जास्त त्रास तिथे होतो. एका मुलाच्या फायलीत जन्मदात्या आईने दिलेलं सरेंडर डीड, म्हणजे मूल सोपवल्याचा कागद, असतो. दुसरं कुठेतरी सापडलेलं असतं, त्याच्याकडे पोलिसांचा पंचनामा आणि बालकल्याण समितीचा आदेश एवढंच. आई सापडण्याची शक्यता असलेलं आणि नसलेलं मूल शेजारी बसलं की वर्षानुवर्षं एकत्र वाढलेली भावंडं एकमेकांशी बोलेनाशी होतात. प्रत्येकाला अर्धा दिवस वेगळा, सोबत एकच पालक. बाकीची मंडळी राणीच्या बागेत.

अठराच्या आतल्या मुलाने मुळांचा, म्हणजे जन्मदात्यांचा, शोध पालकांसह मागायचा असतो, अठरानंतर स्वतः. तिसऱ्या माणसाला परवानगी नाही, तेव्हा "मी शोधून देतो" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. माहिती मिळाली तरी जन्मदात्या आईची संमती हा वेगळा प्रश्न राहतो.

सापडलेल्या मुलाच्या फायलीत वृत्तपत्रातलं निवेदन आहे का ते जरूर विचारा. आईवडिलांचा शोध लागावा म्हणून ते फोटोसह छापायचा नियम होता, आणि पुष्कळदा मुलाचा पहिला फोटो तोच असतो. त्याची प्रत मागून घ्या आणि मुलाला देण्याआधी पालकांनी एकदा वाचा. पंचनाम्यात जागा लिहिलेली असेल तर मुलाने मागितल्यावरच तिथे न्या. सकाळी सातच्या आसपास, दुकानं उघडायच्या आधी. वीस मिनिटं पुरतात, गाडी थांबवून ठेवा. आणि चालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा, नाहीतर "इथं काय बघायचंय साहेब?" असं तो विचारतोच.