खाद्य टाकलं की पाणकावळ्यांचं फावतं. असं का होतं?

शेततळं_सांगोला:
जूनमध्ये रोहू-कटल्याची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडली. उजाडलं की लगेच तांदळाचा कोंडा आणि शेंगपेंड टाकतो. पाणकावळे आधीच बांधावर पंख वाळवत बसलेले असतात. खाद्यापूर्वी त्यांनी बुडी मारली, तर मासे क्षणात पांगतात. पोटं भरल्यावर मात्र तासभर तेच मासे संथ होतात आणि पटापट उचलले जातात. एक कटला होता, शेपटीची वरची पात तुटलेला. माझी सावली पडली की सगळ्यांआधी तोच वर यायचा. परवापासून दिसत नाही, जीव हळहळतो. जाळी बांधणारच आहे, पण हे का होतं ते समजून घ्यायचंय.

मत्स्यशास्त्र_शिक्षक:
दादा, तुमचं निरीक्षण बरोबर आहे. धोका जाणवला की मासा आधी इंग्रजी 'सी'सारखा वळतो आणि मग उसळी मारतो. मेंदूच्या मागच्या भागातल्या माउथनर पेशींची जोडी हे काही मिलिसेकंदांत घडवते. पण खाल्लेलं पचवायला प्राणवायू लागतो, त्यामुळे पोहायला उरणारा कमी पडतो. त्यात पहाटे तळ्यात प्राणवायू सगळ्यात कमी असतो. खाद्य ऊन चढल्यावर टाका, आणि एकदम न टाकता दोनदा विभागून.

उपाशी ठेवणं हा मात्र उपाय नाही. मिलिन्स्की आणि हेलर या संशोधकांनी १९७८ मध्ये भुकेल्या स्टिकलबॅक माशांना पाणपिसवांचे, म्हणजे पाण्यातल्या बारीक जीवांचे, दाट-विरळ थवे दिले. मासे दाट थव्याकडे गेले. वरून खंड्याची प्रतिकृती फिरवल्यावर विरळ थव्याकडे वळले. दाट थव्यातून एकेक टिपताना लक्ष गुंततं, शिकाऱ्यावर नजर राहत नाही. तुमच्याकडे तर सगळं खाद्य एकाच कोपऱ्यात पडतं ना?

गप्पीवाली_ताई:
दादा, तुमच्या कटल्याचं वाचून वाईट वाटलं. माझ्या टाकीतही एक गप्पी नर असाच आहे, काचेवर बोट टेकवलं की बाकीचे शेवाळात, हा समोर. माशांनाही स्वभाव असतो. डुगाटकिन यांच्या १९९२ च्या प्रयोगात शिकारी माशाजवळ जाऊन टेहळणारे गप्पी त्याच्यासोबत ठेवल्यावर कमी टिकले.

शेततळं_सांगोला:
सर, हो, पंपाजवळच्या कोपऱ्यातच टाकतो. उद्यापासून चारही बांधांवरून, ऊन आल्यावर. ताई, तुटक्या शेपटीचा दिसला तर इथे नक्की कळवतो.